सफरचंदाच्या वासाचं शिंगरू

"मग कोणता शाम्पू लावायला हवा होता, ते तरी सांगा."

स्वरूपगिरीनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

म्हातारे महंत केदारगिरी पागेच्या उंबऱ्यात बसले होते. सकाळी शेजारच्या गावात भिक्षेला गेलेले, ते आत्ता दुपारी परतले. खांद्यावरची झोळीसुद्धा अजून उतरवली नव्हती.

आत एका कोपऱ्यात मठाची घोडी, हरणी. दुसऱ्या कोपऱ्यात तिचं दोन दिवसांचं शिंगरू. सकाळपासून ती त्याला जवळ येऊ देत नव्हती. ते कासेकडे गेलं की हिचे कान मागे जायचे, दात दिसायचे, आणि मग लाथ. शिंगराच्या पोटात सकाळपासून दुधाचा थेंब नव्हता.

"धुतलंस कशाला?" महंत म्हणाले.

"मोठ्या मठाचे कारभारी यायचेत ना आज. मला त्यांच्या पागेवर नेमणार आहेत. शिंगराच्या अंगावर काय काय वाळलं होतं, महाराज. वास मारत होता."

"कुणाला?"

...

स्वरूपगिरी शहरातल्या रेसच्या तबेल्यात दोन वर्षं राहून आलेला. घोड्यातलं आपल्याइतकं मठात कुणाला कळत नाही, हे तो स्वतःच सांगायचा.

"पाणी कसं होतं?"

"कोमट. कोपर बुडवून बघितलं."

"पाय घसरला असेल त्याचा."

"कसा घसरेल? फरशीवर वाळू टाकली होती. कानात कापूस घातला. डोळे ओल्या फडक्यानं पुसले. खुरांपासून सुरुवात केली, एकदम अंगावर नाही ओतलं. दचकतात ती."

"फेस?"

"तीनदा धुऊन काढला. राहिला तर खाज सुटते. मग कोरड्या पंच्यानं पुसून उन्हात उभं केलं. आणि शाम्पू माणसाचा नव्हता, महाराज. बाटलीवर घोड्याचं चित्र आहे. शहरातून मागवलेला."

महंतांनी हळूहळू मान हलवली.

"काहीच चुकलं नाही तुझं."

स्वरूपगिरीला जरा बरं वाटलं.

"वास कसला आहे त्याला?"

"सफरचंदाचा."

"हरणी शिंगरू व्याली होती. सफरचंद नाही."

...

महंत उठले. झोळी खुंटीला लावली.

"ती व्याली त्या जागचं गवत आण. शिंगराच्या अंगाला चोळू."

स्वरूपगिरी जागचा हलला नाही.

"जाळलं मी ते."

"बरं. मग त्या जागची माती आण."

"तिथं फिनेल टाकलंय... स्वच्छ राहावं म्हणून."

महंत त्याच्याकडे बघत राहिले. मग वाटी घेऊन हरणीच्या पोटाशी वाकले. कास ताठली होती, धार लगेच लागली. दूध काढताना ती शांत उभी होती. दूध द्यायला तिची ना नव्हती.

"तिची लीद घे. त्यात हे दूध कालव. लाव त्याला."

"हातानं?"

"नाहीतर कशानं?"

स्वरूपगिरीनं बाह्या सारल्या. पाठीला लावलं, पोटाला लावलं, शेपटीला लावलं. शिंगरू त्याचीच बोटं चोखायला बघत होतं. भुकेनं त्याचे पाय लटपटत होते.

महंतांनी हरणीची दोरी हातात धरली. बांधली नाही.

"सोड त्याला."

शिंगरू गेलं. हरणीनं मान वळवली. शेपटीपाशी हुंगलं. पुन्हा हुंगलं.

मग चाटलं. एकदाच.



ती हुंगत हुंगत पाठीवर आली. मग मानेपर्यंत. लीद न लागलेल्या आयाळीत नाक घातलं...

आणि लाथ बसली. शिंगरू भिंतीवर जाऊन आदळलं.

स्वरूपगिरीनं धावत जाऊन त्याला उचललं. हाड मोडलं नव्हतं. फक्त थरथरत होतं. एवढं सगळं होऊन ते परत तिच्याकडेच बघत होतं.

"पुन्हा लावू, महाराज. जास्त लावू."

"उद्या बघू. पहिलंच वेत आहे तिचं. तिला दोनच दिवस मिळाले होते ओळख करून घ्यायला."

महंतांनी वाटी पुन्हा भरून त्याच्या हातात दिली. स्वरूपगिरीनं दुधात बोटं बुडवली आणि शिंगराच्या तोंडात दिली. अर्धं सांडलं, अर्धं पोटात गेलं.

तेवढ्यात कारभारी आले. दारातच थांबले आणि नाकाला उपरणं लावलं.

"हेच का ते शिंगरू? अहो, काय अवस्था ही. एवढ्याशा जिवाला असं शेणामुतात ठेवतात का? चांगला शाम्पू लावून धुवा की त्याला."

महंत जमिनीकडे बघत राहिले.

स्वरूपगिरीनं बोटं पुन्हा दुधात बुडवली.

"असो," कारभारी म्हणाले. "तुमचं नाव ऐकून आहे, स्वरूपगिरी. आमच्याकडे अकरा घोडी आहेत, सगळी तुमच्या हवाली. परवा गाडी येईल. तयार राहा."

एवढं बोलून ते गेले.

शिंगरू स्वरूपगिरीच्या मांडीवर डोकं टाकून पडलं होतं. स्वरूपगिरीला हलता येईना.

"महाराज, त्याला परत दूध कधी द्यायचं?"

"तासाभरानं."

"आणि मग?"

"मग परत तासाभरानं."

"असं किती दिवस?"

"तिनं घेतलं जवळ, तर उद्यापर्यंत. नाही घेतलं, तर सहा महिने."

पलीकडे हरणी कडबा खात होती. तिच्या कासेतून आपोआप दूध गळत होतं.

"महाराज... परवा गाडी येणार आहे."

"ऐकलं मी."

"दिवसाचं करीन कसंतरी. दुसरा कुणी मिळेपर्यंत थांबीन. पण रात्री... रात्री कसं करायचं?"

महंतांनी कंदिलाची काच पुसली आणि कंदील त्याच्याजवळ आणून ठेवला.

"आई रात्री कुठं जाते?"