शेवंती आणि केसाहून बारीक नद्या

हिरव्यागार बांबूच्या बनाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथं शेवंती आणि तिचे आजोबा राहायचे. शेवंतीला आईबाबा नव्हते. फ्रॉकला ठिगळं होती, कधी नुसत्या पेजेवर भागवावं लागे. तरी चिमण्यांसाठी चार शितं ती रोज बाजूला काढायची.

आजोबा बांबूच्या टोपल्या विणायचे. गावदेवीच्या पालखीचं नक्षीदार छत विणावं तर त्यांनीच. यंदा मात्र विणता विणता त्यांचे हात थांबले.

"पुढची कामटी कुठून घ्यायची गं?" म्हणत ते कावरेबावरे होऊन बघत राहिले. चालतानाही ते अडखळू लागले होते. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या डबीत तशाच पडून होत्या.

शेवंती बनात जाऊन मुसमुसू लागली. तोच पानांमधून निळी-सोनेरी चमचम झिरपली आणि बोटाएवढी परी खाली उतरली.

"माझ्या चिमण्यांना जपतेस ना तू? एक इच्छा माग. अट एवढीच, मी देईन ते रोज तुलाच राखावं लागेल."

"माझ्या आजोबांना बरं कर," शेवंती म्हणाली.

परीने तिच्या पापण्यांवर दवाचा थेंब ठेवला. शेवंतीला आजोबांच्या डोक्यातल्या रक्ताच्या नद्या दिसल्या. लालचुटूक, केसाहून बारीक. पण रक्त जोरजोरात आपटून त्यांचे नाजूक काठ ताठरले होते. काही नद्या तर आटल्याच होत्या.

"रक्तदाब वाढला की असं होतं," परी म्हणाली. "वर्षानुवर्षं, अगदी गुपचूप. आटलेल्या नद्या मलाही परत आणता येत नाहीत. उरलेल्या मात्र राखता येतील. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या रोज, मीठ कमी आणि सकाळचं फिरणं. तू हे सांभाळ, मी काठांवर पहारा देते."

शेवंतीनं घरी येऊन हे सांगितलं, पण आजोबा काही ऐकेनात. "मला काय धाड भरलीय? कुठं दुखत नाही, खुपत नाही. आणि खारातल्या मिरचीशिवाय घास उतरत नाही माझा."

शेवंती वाद घालत बसली नाही. तिनं मिरची स्वतःच सोडली आणि कमी मिठाचा बेचव आमटीभात खाल्ला. नातीचा तो इवलासा घास बघून आजोबांना गलबलून आलं. त्यांनी आपणहून गोळी मागितली.

मग रोज सकाळी दोघं फिरायला निघू लागली. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि त्या हसल्या. "दाब उतरलाय, आजोबा. आता गोळ्या सोडू नका हं."

जुनी नक्षी आजोबांना सगळी आठवली नाहीच. जिथं विसरले, तिथं त्यांनी नवी विणली, मोराच्या पिसाऱ्यासारखी. पालखी निघाली तेव्हा ढोल घुमले आणि सारं गाव छताकडे बघत राहिलं. गावोगावच्या लोकांनी तिथल्या तिथे टोपल्या विणायला सांगितल्या. पेजेवर भागवायचे दिवस सरले.

छताच्या टोकावर परी बसली होती. "छान राखलंस गं," ती म्हणाली. "यापुढेही राख." आणि ती लख्ख सोनेरी उजेडात विरून गेली.

आजोबांनी शेवंतीचा हात धरला आणि ताठ मानेनं ते पालखीपुढे चालू लागले.