कमळाईचा दिवा

कोणे एके काळी, म्हणजे नक्की कधी ते मला विचारू नका, एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. सकाळी तिथं इतकं धुकं पडायचं की माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही बसा, कारण या गोष्टीतली चूक मोठ्यांनीच केलेली आहे.

गावाच्या वर एक लेणं होतं. आत भिंतीवर एक तळं रंगवलेलं होतं आणि तळ्याच्या काठी हातात कमळ घेऊन एक बाई उभी होती. ती कुणी काढली, कुणालाच ठाऊक नव्हतं. गाव तिला कमळाई म्हणायचं. सासरी निघालेली लेक आधी तिचा निरोप घ्यायची, मग आईबापाचा.

दर वर्षी जत्रेआधी सारं गाव जमायचं आणि कमळाईचा चेहरा चिंच-राखेनं घासायचं. तांब्याचा हंडा चिंचेनं लखलखतो, मग आपली कमळाई का नाही उजळणार? प्रेम होतं हो त्यात. पण प्रेमाला अक्कल असतेच असं नाही.

त्या गावात सगुणा नावाची एक बाई राहायची. तिचा जन्म झाला आणि तिची आई गेली. गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, "पोरी, तुझी आई हुबेहूब कमळाईसारखी दिसायची." सगुणाला आईचं तेवढंच तोंड ठाऊक. म्हणून रोज तिन्हीसांजेला ती लेण्यात जायची, भिंतीच्या पायाशी तेलाचा दिवा लावायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. आमटी खारट झाली, गाय व्याली, काहीही. कधी कधी तिला वाटायचं, तळ्यातलं पाणी हलतंय.

एका वर्षी तिच्या ध्यानात आलं, आईचे ओठ दिसत नाहीत. नाकही धुरकट झालंय. ती घाबरून पाटलांकडे गेली.

पाटील म्हणाले, "यंदा चिंच जास्त आणू. नाहीच उजळली तर चितारी बोलावून नवी रंगवून घेऊ."

"नवी म्हणजे कुणाची, पाटीलबाबा?"

"बाईचीच की. दोन डोळे, एक नाक."

 दुपारी सगुणा लेण्यात जाऊन भिंतीसमोर बसली. बाहेर ऊन, आत गारवा. तिचा डोळा लागला. आणि त्या झोपेत भिंतीवरची पाल बोलू लागली. हसू नका, झोपेत पाली बोलतात.

"बाई, मी तुझ्या आईच्या खांद्यावरून कधी चालते का?"

"नाही. वळसा घालून जातेस."

"तिथली माती भिंतीपासून सुटलीय. पाय ठेवला तर पडेल. आणि तुम्ही तिथं मूठ आवळून घासता."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मागच्या जत्रेला पडलेला तुकडा कोपऱ्यात आहे, त्याला विचार. आणि जाता जाता तुझ्या दिव्याच्या वर बघ." एवढं बोलून पाल चुकचुकली.

सगुणा दचकून जागी झाली. दिव्याच्या वर भिंत तव्याच्या बुडासारखी काळी होती. तिथून तो काळा धूर वर वर, आईच्या चेहऱ्यापर्यंत चढला होता. म्हणजे आईचं तोंड झाकलं ते तिनंच, रोज, मायेनं. 

मग तिनं पदर खोचला आणि कोपऱ्यातला तुकडा उचलला. एका कडेला चिंच लावली. रंगच निघून आला. दुसऱ्या कडेला पाणी लावलं, माती विरघळली. कोरडं फडकं घासलं. काजळी आत मुरली. बरेच दिवस असेच गेले. मग एकदा भाकरी टाकायच्या आधी तिनं मळलेल्या पिठाचा गोळा त्या तुकड्यावर नुसता टेकवला आणि उचलला. काजळी गोळ्याला चिकटून आली. रंग जागच्या जागी.

तिनं तो तुकडा पाटलांसमोर ठेवला आणि त्यांच्याच हातात चिंच दिली. "घासा, बाबा." पाटलांनी घासलं. बोटं निळी झाली. 

"एवढी वर्षं आम्ही हेच करत होतो?" त्यांनी विचारलं.

"मीही माझ्या परीनं तेच करत होते," सगुणा म्हणाली.

त्या वर्षी चिंच आली नाही. सगुणानं आपला दिवा लेण्याबाहेर, चाफ्याखाली नेला. पहिल्या संध्याकाळी तो तिथं ठेवताना तिला रडू आवरेना. गावात कुजबुज झालीच, "आईला अंधारात ठेवलं हिनं." ती ऐकून घ्यायची.

काम मात्र एकट्याचं नव्हतं. पीठ मळायची सवय असलेले हात तिनं गोळा केले. शिकायला येईल त्याला आधी भिंतीला हातच लावू द्यायची नाही. "आधी बघा. कुठं पोकळ आहे, कुठं ओल येते, पाल कुठून जाते. भिंत कळली की मग हात." कुणी म्हणालं, "आणखी थोडं काढते, काकू," की ती म्हणायची, "आणखी थोडं वाटलं की थांबायचं."

वर्षं गेली. धुकं यायचं, जायचं. तळं परत निळं झालं, कमळं उमलली, आणि सगुणाचे केस पिकले. चेहऱ्याची पाळी आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. तिनं गोळा ठकीच्या, कुंभाराच्या सुनेच्या, हातात दिला. सगळ्यांत हलका हात तिचाच होता.

ठकीनं हळूहळू चेहरा मोकळा केला. ओठ आले. नाक आलं. एक डोळा आला. दुसरा मात्र चिंचेनं कधीच नेला होता.

"काकू, भरू का हा डोळा? काजळ आहे, गेरू आहे."

 आईचा पुरता चेहरा, जन्मभर सगुणाला तेच तर हवं होतं. पण ती म्हणाली, "नको. मी तिला पाहिलेली नाही, तूही नाहीस. जे आपण घालवलं, ते आठवून काढता येत नाही. राहू दे रिकामा."

उरलेला एक डोळा खाली बघत होता. कमळाकडे नाही, त्याच्याही खाली. तिथं फक्त ती जुनी काळी भिंत होती, दिव्याच्या बरोब्बर वरची. ठकी खाली बसली आणि गोळा टेकवत गेली. आधी एक चिमुकला हात दिसला. मग एक झबलं. मग कमळाईचा पदर धरून उभी असलेली एक छोटी मुलगी, मान वर करून बघणारी.

 सगुणा भिंतीपासून हातभर लांब बसली आणि हसता हसता रडू लागली. "दिव्याखाली अंधार म्हणतात," ती म्हणाली, "माझ्या तर दिव्याच्या वरच होता गं. आई आयुष्यभर तिच्या लेकीकडे बघत होती आणि मीच त्या लेकीला झाकत होते."

सगुणा गेली, मग ठकीही म्हातारी झाली. पण सासरी निघालेली लेक अजूनही आधी कमळाईकडे जाते. लांबून हात जोडते, आणि भिंत कशी बघायची ते धाकट्या बहिणीला शिकवूनच डोंगर उतरते. चिंच हंड्यांना लावतात. दिवा चाफ्याखाली जळतो.

तर ऐका: ज्याच्यावर माया आहे ते आधी नीट समजून घ्यावं, आणि समजलेलं दुसऱ्याच्या हाती द्यावं, नाहीतर आपलीच माया त्याला पुसून टाकते.