तपासणीपुरतं आजारपण

एका श्रावणात द्वारकाबाईंनी महादेवापुढे नेम धरला होता, सोमवारी खोटं बोलायचं नाही. लेकीच्या नर्सिंग कॉलेजची तपासणी नेमकी सोमवारीच आली. कॉलेजच्या दवाखान्यात रुग्णच नव्हते. रुग्णांविनाच शिकून इथून पास झालेल्या एका नर्सच्या हातून मागे बाळंतीण दगावली होती. मान्यता टिकवायला संस्थाचालक इंगवल्यांनी पालकांनाच रुग्ण म्हणून खाटांवर निजवलं आणि बजावलं,

"खरं बोललात तर पोरीचं वर्ष गेलं समजा!"

तपासनीस बाईंनी विचारलं, "मावशी, कधीपासून आजारी?"

द्वारकाबाईंना ती बाळंतीण आठवली. "तुमची गाडी फाटकात शिरल्यापासून."

"बरं कधी वाटेल?"

"ती बाहेर पडली की लगेच."

मान्यता गेली, लेकीचं वर्षही गेलं. पण आज ती दुसऱ्या कॉलेजात खऱ्या रुग्णाची नाडी बघते. बायांनो, असा एक नेम तुम्हीही धरा.