साखळी आणि मापाचे दोन दगड

कळंबाचं झाड तुटलं ते साखळीमुळे. कुऱ्हाडीला उगाच शिव्या देऊ नका.

अवजारं स्वतःच जमीन मोजायची, त्या काळातली ही गोष्ट. ओढ्यापासून दहा साखळ्या जमीन कुऱ्हाडीची आणि त्यापुढचं सगळं रानाचं, असं ठरलं होतं. मोजणी म्हाताऱ्या साखळीकडे होती. वर्षानुवर्षं ओढून तिच्या कड्या ताणल्या होत्या आणि ती हातभर लांब झाली होती. तिला सोडून सगळ्यांना हे दिसत होतं. तिने मोजलं आणि हद्दीची खुंटी कळंबाच्या पलीकडे ठोकली गेली. म्हणजे कळंब कुऱ्हाडीच्या वाट्याला गेला. याच कळंबाच्या फांदीवर साखळी राहायची.

कळंब घाबरून म्हणाला, "आजी, ओढ्याकाठी बरोबर एका साखळीच्या अंतरावर मापाचे दोन दगड आहेत. त्यांच्यामध्ये एकदा आडवी होऊन बघ. लांब भरलीस तर खुंटी मागे येईल."

"काल उगवलास आणि मला तपासतोस? थांब, परत मोजते."

साखळीने परत मोजलं. खुंटी होती तिथेच आली.

"पटलं आता?"

"पण दोन्ही वेळा मोजलं कुणी? तूच ना?"

"मोठ्यांशी असं बोलतात?" हातोडा गुरकावला. तोही म्हाताराच. बाकीची अवजारं खाली बघत बसली. त्यांना झाडापेक्षा म्हातारीचा मान मोठा वाटला.

सकाळी कुऱ्हाडीने आपल्या हद्दीतलं झाड तोडलं.

संध्याकाळी साखळी परत आली तेव्हा फांदी नव्हती. मग साखळी ओढ्याच्या चिखलात पडून राहिली आणि तिथेच गंजून तुटली.