कुकरमधले देव

"मग बाहेर काढू, की राहू देत आत?"

पुंडे मास्तरांनी विचारलं आणि मठाच्या ओसरीवरून मागं वळून बघितलं. बघणारच. देव नाही, देव नाही, असं उभा जन्म गावाला शिकवलेला माणूस. बुवाच्या दारात दिसला असता, तर विवेकवाल्या मित्रांनी बोलणं टाकलं असतं आणि देववाल्यांनी पेढे वाटले असते. दोन्हीकडची माणसं तशी सारखीच.

हरबाबुवा पार म्हातारे. दात गेलेले, खोड्या शाबूत. त्यांनी विचारलं, काय काढायचंय म्हणता?

मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं. लेक मंजिरी दवाखान्यात अत्यवस्थ. बायको तिच्या उशाशी. घरात एकटे मास्तर. घाबरले, आणि देव्हाऱ्यातले देव पाण्यात ठेवले. कधी देवाचं केलेलं नाही, तेव्हा हाताला लागला तो कुकर. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे त्यात बुडवले आणि झाकण लावलं. शिट्टी लावली नाही, तेवढंच काय ते विज्ञान उरलं होतं.

मंजिरी गेली.

बायको जन्माची भाविक. ती म्हणाली, घाला ते पितळ मोडीत. आणि हात अडला तो मास्तरांचा.

"मागणं पुरं झालं की काढतात ना देव? आता काढले, तर ती गेली हे कबूल केल्यासारखं होतं, बुवा. आत आहेत तोवर..."

मास्तरांनी पुन्हा एकदा मागं वळून बघितलं.

"आणि माझा तर विश्वासही नाही."

"पाणी बदलता?"

"...रोज."

बुवा फिस्सकन हसले. मास्तरांना ते हसणं झोंबलं. पण बुवांनी त्यांचा हात धरून गाभाऱ्यात नेलं आणि दत्ताच्या पाटावरचा फुलांचा ढीग बाजूला सारला.

पाट रिकामा.

बुवांनी खिडकीतून मागची विहीर दाखवली. म्हणाले, माझा चेला सोपान तापानं फणफणला होता, तेव्हा मीही दत्त ठेवला पाण्यात. जरा लांबून ठेवला.

"मग सोपान?"

बुवा फुलं सारखी करत राहिले...

मास्तरांच्या अंगातला मास्तर जागा झाला. म्हणजे सगळं गाव रिकाम्या पाटाला हात जोडतं, आणि हे बुवांना ठाऊक आहे. त्यांचा आवाज चढला.

"मग तुम्ही रोज पहाटे आरती कुणाची करता?"

"विहीर खोल आहे, मास्तर. म्हणून तर मोठ्यानं म्हणतो."