केरोबाचा ‘धा’

“...मग इतकी वर्षं मी हात झिजवले, ते कशासाठी, बुवा?”

दाजीबुवा ओसरीवर कणीक मळत होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला रोज ताजी कणीक लावावी लागते. ते काम ते कुणाला करू देत नसत.

त्यांनी मान वर केली नाही.

“बोल बोल. ऐकतोय मी.”

केरोबा त्यांचा सगळ्यांत जुना शिष्य. नदीकाठच्या त्या मठात पहाटे सगळ्यांआधी वाजायचा तो त्याचा पखवाज, आणि दिवेलागणीला सगळ्यांच्या शेवटी थांबायचा तोही त्याचाच. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याइतका तो लबाड नव्हता.

“ती परण तुम्ही मला दसऱ्याला दिलीत. संक्रांत आली तेव्हा कुठे ती हातात बसली. आणि काल...”

काल ती परण, ती लांबलचक बोलांची रचना, सगुणानं वाजवली होती. सगुणा म्हणजे नावाड्याची मुलगी, दिवाळीनंतर मठात शिकायला आलेली. नदीवर धुणं धुताधुता तिनं केरोबाची परण ऐकूनच उचलली आणि आरतीनंतर सहज वाजवून दाखवली. वर शेवटी तीनदा फिरून समेवर येणारी स्वतःची एक खोडकर तिहाई जोडून दिली. दाजीबुवा मांडीवर थाप मारून हसले होते.

ती थाप केरोबाच्या कानात अजून वाजत होती.

“तुमचा हात हल्ली थरथरतो, बुवा. चैत्रातल्या उत्सवाला, कीर्तनात पखवाजावर तुमच्या जागी कोण बसणार, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. मला त्याचं काही नाही म्हणा...”

“काही नाही?”

“...आहे. पण आधी एवढं सांगा. उपजत अंगात असतं ते मोठं, की मेहनत मोठी? उपजतच मोठं असेल तर मी उद्या गावी जातो. आमची हळद काढणीला आलीय.”

दाजीबुवांनी कणकेचा गोळा तळहातावर फिरवला, चेपून पाहिला...

“सगुणे! पखवाज घेऊन ये ग इकडे.”

ती ओले हात पदराला पुसून पखवाज घेऊन आली.

“समोरासमोर बसा दोघं. नुसता ‘धा’ वाजवायचा, दुसरा बोल नाही. मी पुरे म्हणेपर्यंत.”

“नुसता ‘धा’?” सगुणानं विचारलं.

“नुसता.”

केरोबानं आपला पखवाज पुढे ओढला आणि दोघं वाजवू लागले. सुरुवातीला सगुणाचा ‘धा’ जास्त गोल येत होता. केरोबाला ते कळलं, आणि कळलं म्हणून जास्त लागलं.

ऊन तुळशीपासून सरकत विहिरीपर्यंत गेलं.

सगुणाची नजर आंब्यावरच्या पोपटांकडे जाऊ लागली. मध्येच तिच्या बोटांतून एक ‘तिरकिट’ निसटलं. दाजीबुवांनी बोट वर केलं. ती परत ‘धा’वर आली. मग पुन्हा निसटलं...

शेवटी तिनं दोन्ही हात मांडीत टाकले.

“नाही हो बुवा! अंगावर मुंग्या चालल्यात. केरूदादा, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?”

केरोबा वाजवतच होता.

“कसला कंटाळा?”

“तेच तेच वाजवायचा!”

“तेच कुठे? मघाचा जरा कोरडा होता. हा बघ, हा भरला. प्रत्येक निराळा पडतो.”

सगुणा त्याच्याकडे बघतच राहिली.

“मला जन्मात जमायचं नाही हे. असं बसायला कुठे शिकलात तुम्ही?”

“त्यात शिकायचं काय? लहानपणापासून मी असाच...”

केरोबाचा हात हवेतच थांबला.

म्हणजे हे बसणं त्याचं उपजतच होतं? दाजीबुवा पुन्हा कणकेकडे वळले होते.

केरोबानं हळूच विचारलं, “सगुणा, इथं यायच्या आधी... तुला कुणी शिकवलं?”

“मला कोण शिकवणार? नावेची फळी, हंडा, झोपलेल्या बाबांची पाठ, मिळेल ते बडवत असायची. आई लाटणं घेऊन मागे धावायची. म्हणायची, या कार्टीचे हात बांधून ठेवा.”

“दिवसभर? एवढी मेहनत?”

“जेवण सोडून. आणि जेवतानासुद्धा डावा हात मोकळाच असतो की!”

केरोबाला आधी बारीक हसू फुटलं. मग ते पोटातून आलं, मग आवरेनाच. सगुणाला कारण कळलं नाही, पण त्याचं हसणं बघून तीही हसू लागली, आणि हसताहसताच तिनं कालची परण छेडली.

केरोबानं खालून ‘धा’ धरला.

ती उधळली, लांब गेली, तालाबाहेर पडते की काय असं वाटावं इथवर गेली. पण जिथे ती उतरायची तिथे केरोबा आधीच उभा असायचा. मग त्याची बोटं उधळायची आणि ‘धा’ ती सांभाळायची, थोडा वाकडा, पण सांभाळायची. दाजीबुवांचे कणकेनं माखलेले हात गुडघ्यावर ठेका धरून होते. कणीक केव्हाच सुकून गेली होती.

समेवर दोघं एकदम थांबले.

केरोबानं कपाळावरचा घाम पुसला. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं कुठे गेलं, ते त्याला कळेना. हळदीची तर आठवणही राहिली नव्हती. आता एवढंच विचारायचं राहिलं होतं.

“बुवा, मग उत्सवाला आमच्यातलं कोण बसणार?”

दाजीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं, सगुणाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं...

“तुम्ही दोघं होतात होय रे? मला तर एकच पखवाज ऐकू आला.”