केतकी नावाडीण आणि कोंडलेली सांज

एका राज्यात माणसे पहाटे कामाला जुंपत, अंधार पडताच जेवत आणि शेवटचा घास गिळताच जागच्या जागी झोपी जात. संध्याकाळ म्हणून त्यांच्या वाट्याला काही उरलेच नव्हते. राजा मदनसेनाला आपली मैफल कधीच संपायला नको होती, म्हणून कालकंटक जादूगाराने घराघरातली सांज ओढून एका तांब्याच्या घड्यात कोंडली होती. महालात मात्र दिवेलागण कधी सरत नसे.

त्या राज्यात केतकी नावाची नावाडीण होती. एके पहाटे तिने लेकीला उचलून घेतले, तर पोर भेदरून रडू लागली.

"ही बाई कोण?"

केतकीचे मस्तक भडकले. वल्हे खांद्यावर टाकून ती थेट दरबारात शिरली.

"राजा, माझी सांज परत दे!"

राजा हसला. "तुम्ही राबता, जेवता, झोपता. प्रजेला आणखी काय हवे?"

"माझ्या लेकीने मला ओळखायला हवे."

कालकंटक पुढे झाला. "सांज हवी तर जळती नदी ओलांड. पाषाणसर्पाच्या दाढेतली किल्ली काढ. तिसरे काम घड्यापाशी कळेल."

जळत्या नदीत नाव खाक झाली, केतकीचे तळपाय पोळले. पण वल्हे हाती धरून ती पैलतीरी चढली. पाषाणसर्पाने जबडा वासला. "भीत नाहीस?"

"भ्यायला वेळ कुठे ठेवलात?" असे म्हणून तिने हात घातला आणि किल्ली उपसली.

घडा डोंगरमाथ्यावर होता. त्यावर बसलेला नीळकंठ पक्षी म्हणाला, "बाई, तिसरे काम ऐक. या किल्लीने घडा उघडलास तर साऱ्यांची सांज सुटेल, पण तुझी कायमची आत राहील. ती तू द्यायचीस."

केतकी किल्लीकडे पाहत कडाडली.

"चोरी त्यांनी केली, आणि मोल मी द्यायचे?"

तिने किल्ली दरीत भिरकावली आणि घड्यावर वल्हे हाणले. पुन्हा हाणले. तिसऱ्या घावाला तांबे फाटले.

"मंत्र किल्लीवर होता," पक्षी थक्क होऊन म्हणाला. "घडा कोणी फोडील, हे कालकंटकाच्या मनातही आले नव्हते."

केशरी उजेड दरीत सांडला. महालात कालकंटकाची राख झाली. दिवे विझले. गावोगाव माणसे हातपाय धुऊन ओट्यांवर बसली आणि जरा अडखळत एकमेकांशी बोलू लागली.

केतकी अंगणात लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर अजून बुजत होती, पण आईचे बोट सोडत नव्हती. तेवढ्यात राजदूत आला.

"महाराजांना क्षमा मागायची आहे. तत्काळ चल."

"सकाळी येईन," केतकी म्हणाली. "ही वेळ माझी आहे."

दूत क्षणभर घुटमळला. मग पागोटे काढून काखेत मारले आणि तोही आपल्या घराच्या वाटेला लागला.